जॅझच्या महाग तबकड्या घ्याव्यात का?

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या जॅझ ध्वनिमुद्रणांच्या नव्या, महाग तबकड्यांविषयी लेख आला आणि पुढच्याच आठवड्यात त्यावर एका वाचकाचे पत्रही छापून आले. हे सारे श्रीमंतांचे खूळ आहे, तेच संगीत मोबाइलवर जवळजवळ फुकट ऐकता येते, असा लेखकाचा सूर. पत्रलेखकाचे म्हणणे याच्या थेट उलट. ज्याला खरोखर कान आहे त्याने दहा-पंधरा हजारांच्या खालची तबकडी घरात आणूच नये, असे ते लिहितात. माझे दोघांशीही जुळत नाही, म्हणून हे पत्र. या विषयात माझी पात्रता बेताचीच आहे. परळच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारे आणि साचे (डाय) बनवण्याच्या विभागात, मी 34 वर्षे लेथवर (कातयंत्रावर) काम केले, आणि ग्रामोफोनची तबकडी हीदेखील अखेर लेथवरच कापली जाते. जॅझची गोडी शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिकावरून येणाऱ्या विलिस कोनोव्हर यांच्या कार्यक्रमामुळे लागली, आणि 1978 च्या पहिल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवात धोबीतलावच्या रंगभवनात सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स यांना ऐकल्यावर ती कायमची जडली.

तबकडीच्या किमतीतला कोणता भाग रास्त आणि कोणता फुकाचा, हे ठरवायचे तर ती कशी तयार होते ते थोडे पाहावे लागेल. स्टुडिओत वाजलेले संगीत चुंबकीय टेपवर उतरते. ती टेप वाजत असताना, लॅकरचा (मऊ रोगणाचा) थर दिलेल्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर कटिंग लेथ एक अखंड खोबण कापत जातो. वीस मिनिटांच्या बाजूत अठराव्या मिनिटाला काही बिघडले, तर ती चकती बाजूला टाकून नव्या चकतीवर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. कापलेल्या चकतीवर चांदीचा पातळ थर आणि त्यावर निकेल चढवून साचे काढतात, आणि साच्यांत तापलेले पीव्हीसी दाबून तबकड्या निघतात. आमच्याकडे डायच चुकीची बनली तर पुढचा हजारांचा माल तीच चूक घेऊन बाहेर पडायचा, आणि इथेही तसेच होते. टेप कितव्या पिढीची आहे (मूळ, की प्रतीची प्रत) आणि लेथपाशी कोण बसले आहे, या दोन गोष्टींवर तबकडीचे जवळजवळ सगळे नशीब ठरते. पैसे मोजायचे ते या दोन गोष्टींचे, असे माझे मत आहे, आणि ते मोजावेत असेही आहे.

ब्लू नोट या अमेरिकन जॅझ कंपनीचे उदाहरण घेतो, कारण सध्या सर्वांत जास्त बोलबाला तिच्याच तबकड्यांचा आहे. 1950 च्या दशकातली तिची अनेक गाजलेली ध्वनिमुद्रणे रूडी व्हॅन गेल्डर यांनी न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक येथे, आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात केली. त्या काळात पोटापाण्यासाठी ते चष्म्याचे नंबर तपासत असत. 1959 मध्ये एंगलवूड क्लिफ्सला त्यांनी स्वतंत्र स्टुडिओ उभारला. तबकड्यांची कापणीही तेच करत, आणि ती करताना त्या काळच्या स्वस्त प्लेअरवर सुई खोबणीबाहेर उडू नये म्हणून अगदी खालचे सूर जरा आवरून घेत. टेपवर मात्र ते सूर शाबूत होते. 2019 साली सुरू झालेल्या ब्लू नोटच्या 'टोन पोएट' या नव्या तबकड्यांच्या मालिकेत जो हार्ली यांच्या देखरेखीखाली केव्हिन ग्रे यांनी मूळ टेपांवरून नव्याने कापणी केली आणि छपाई कॅलिफोर्नियातल्या आरटीआय कारखान्यात झाली.

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या, 1957 मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या 'ब्लू ट्रेन'ची ऐंशीच्या दशकातली एक जपानी तबकडी माझ्याकडे होती, आणि ती मी पुष्कळ वर्षे समाधानाने ऐकत आलो. तीन वर्षांपूर्वी टोन पोएटची मोनो आवृत्ती घेतली. 'मोमेंट्स नोटिस' या रचनेत पॉल चेंबर्स गजाने बास वाजवतात. जुन्या तबकडीवर तो भाग म्हणजे खाली कुठेतरी चाललेली घरघर होती. नव्या तबकडीवर गज तारेला टेकतो तो क्षण, मग तार धरते ती ओढ, आणि स्वर सुटल्यावर लाकडात राहिलेली गुंज असे तिन्ही वेगवेगळे कळते. ज्यांनी सारंगीच्या शेजारी बसून गाणे ऐकले आहे त्यांना मी काय म्हणतो ते लगेच समजेल. केनी ड्रू यांचा पियानो मात्र जुन्या तबकडीवर जसा बंद पेटीतून यावा तसा येत होता, तसाच नव्या तबकडीवरही येतो. व्हॅन गेल्डर यांच्या पियानोचा आवाज टेपवरच तसा आहे, आणि कितीही पैसे टाकले तरी तो मोकळा होणार नाही. विक्रेते ही गोष्ट सांगत नाहीत.

आता पत्रलेखकांच्या दहा-पंधरा हजारांकडे वळतो. याच केव्हिन ग्रे यांनी कापलेली ब्लू नोटची 'क्लासिक व्हिनाइल' ही दुसरी मालिका आहे. तिची छपाई जर्मनीतल्या ऑप्टिमल कारखान्यात होते, वेष्टन साधे असते आणि अमेरिकेत ती 30 डॉलरच्या आत-बाहेर मिळते. टोन पोएट त्याहून दहा-एक डॉलरने महाग, आणि त्या जास्तीच्या पैशांत जाड पुठ्ठ्याचे उघडणारे वेष्टन व फ्रान्सिस वुल्फ यांनी टिपलेली ध्वनिमुद्रणाच्या वेळची छायाचित्रे मिळतात. छायाचित्रे सुंदर आहेत आणि मी ती न्याहाळत बसतो, हे कबूल करतो. परंतु ब्लू नोटची 'समथिंग एल्स' किंवा 'मिडनाइट ब्लू' ऐकायची तर साध्या मालिकेतली तबकडी घेऊन काही बिघडत नाही, कारण लेथपाशी बसलेला माणूस तोच आहे. याच्याही वर ज्या पेट्या विकल्या जातात, सव्वाशे-दीडशे डॉलरच्या, क्रमांक घातलेल्या, पारदर्शक प्लॅस्टिकच्या आणि कापडी बांधणीच्या, त्या मुंबईत येईपर्यंत वाहतूक आणि करांसह पत्रलेखकांच्या आकड्याला सहज पोचतात. त्या वाईट असतात असे मी म्हणत नाही. एका स्नेह्यांकडे अशी एक पेटी मी दोनदा लक्ष देऊन ऐकली. आवाजात फरक होता, पण तो चौपट पैशांचा नव्हता.

इथे मला एक अडचणीची गोष्टही सांगितली पाहिजे, कारण ती माझ्याच म्हणण्याला थोडी छेद देणारी आहे. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी 'वन-स्टेप' नावाच्या महाग तबकड्या काढते. नेहमीच्या पद्धतीत लॅकरपासून आधी मधल्या प्रती आणि मग साचे निघतात. वन-स्टेपमध्ये मधल्या पायऱ्या गाळून लॅकरवरून थेट साचा काढतात. अशा एका साच्यातून जेमतेम हजारभर तबकड्या निघत असल्याने मोठी आवृत्ती काढायची तर लॅकर अनेकदा कापावे लागते, म्हणजे अमूल्य मूळ टेप तितक्याच वेळा वाजवावी लागते. कंपनीने मायकल जॅक्सन यांच्या एका अल्बमची 40,000 प्रतींची आवृत्ती जाहीर केली, तेव्हा लोकांनी साधा हिशेब मांडला आणि इतक्या वेळा टेप कोण वाजवू देईल, असा प्रश्न पुढे आला. जुलै 2022 मध्ये कंपनीच्या अभियंत्यांनीच मान्य केले की मध्ये एक डिजिटल पायरी असते, म्हणजे टेपवरचा आवाज आधी आकड्यांत उतरवला जातो, आणि ती बरीच वर्षे आहे. प्रकरण न्यायालयात गेले आणि तडजोडीने मिटले. या तबकड्यांत बिल इव्हान्स आणि थेलोनियस मंक या पियानोवादकांच्याही तबकड्या होत्या, आणि 'शुद्ध ॲनालॉग (आकड्यांत न उतरवलेला) आवाज कसा असतो ते यातच कळते' असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांपैकी कोणालाही इतक्या वर्षांत त्यातली डिजिटल पायरी ऐकू आली नव्हती. मलाही आली नव्हती. तेव्हा 'ॲनालॉग' या शब्दासाठी वेगळे पैसे मोजू नयेत, एवढे तरी त्यातून मी शिकलो. कंपनीने डिजिटल पायरी वापरली याचा मला राग नाही. पैसे घेताना ती सांगितली नाही याचा आहे.

दुसऱ्या टोकाला जो माल आहे त्याविषयी लेखात एक ओळही नव्हती, आणि मुंबईतल्या नव्या गिऱ्हाईकाची सर्वांत जास्त फसगत तिथेच होते. युरोपात ध्वनिमुद्रणांचे संरक्षण पूर्वी 50 वर्षांचे होते. 2013 मध्ये ते 70 वर्षांचे झाले, पण जी ध्वनिमुद्रणे तोपर्यंत मुक्त झाली होती त्यांना ही वाढ लागू झाली नाही. परिणामी 1963 पूर्वी प्रकाशित झालेले जवळजवळ सारे जॅझ तिथे कोणालाही छापता येते. मूळ टेप अशा छापणाऱ्याच्या हाती नसते. तो बहुधा एखादी सीडी घेतो, तिच्यावरून तबकडी कापतो आणि वेष्टनावर '180 ग्रॅम ऑडिओफाइल' (म्हणजे जड आणि चोखंदळ कानांसाठी) असे सोनेरी लेबल चिकटवतो. अशी एक तबकडी मी दक्षिण मुंबईतल्या एका दुकानातून 2,600 रुपयांना घेतली. दुकानाचे नाव घेत नाही. 'टेप कोणती आहे?' असे मी विचारले, तेव्हा विक्रेत्याने तबकडी माझ्या तळहातावर ठेवली आणि 'वजन बघा ना काका' म्हणाला. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती ठेवली तर 183 ग्रॅम भरली, म्हणजे त्याने खोटे काही सांगितले नव्हते. मग सत्तरच्या दशकातली डमडमला छापलेली एचएमव्हीची एक तबकडी ठेवली, ती भरली 121. वाजवल्यावर हलकी तबकडी जिवंत वाटली आणि जड तबकडी सपाट. याचे नवल वाटायचे कारण नाही. जास्तीचे प्लॅस्टिक खोबणीच्या खाली असते, खोबणीत नसते. फार तर जाड तबकडी वाकण्याचा संभव थोडा कमी होत असेल.

म्हणून तबकडी घेण्यापूर्वी वेष्टनाच्या मागच्या बाजूला दोन गोष्टी शोधाव्यात : कापणी कोणी केली त्याचे नाव, आणि कशावरून केली त्याचा स्पष्ट उल्लेख. नाव वेष्टनावर नसेल तर तबकडी तिरकी धरून लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात पाहावे. कापणाऱ्याची आद्याक्षरे तिथे कोरलेली असू शकतात. जुन्या ब्लू नोटवर आरव्हीजी असा ठसा असतो, तो व्हॅन गेल्डर यांचा. दोन्ही ठिकाणी काही सापडले नाही तर तबकडी जागच्या जागी ठेवून द्यावी.

चांगल्या मालिकेतली तबकडी घेतली म्हणजे काम झाले, असेही नाही. गेल्या पावसाळ्यात मी पियानो, बास आणि ड्रम अशा त्रयीची एक तबकडी मागवली. कापणारा नामांकित, टेप मूळ, किंमत साडेचार हजार. पहिल्याच संथ रचनेत पियानोचा लांबवलेला स्वर हेलकावे खाऊ लागला. टोनआर्मकडे, म्हणजे सुईच्या दांड्याकडे, पाहिले तर तो प्रत्येक फेऱ्याला डावीउजवीकडे डुलत होता. निवृत्त झालो तरी बारीक अंतर मोजायचे डायल गेज कपाटात आहे. मोजून पाहिले तर मधले भोक केंद्रापासून अर्धा मिलिमीटर सरकलेले निघाले. टूलरूममध्ये असा जॉब मी सुपरवायझरला दाखवायलाही नेला नसता. अर्धा मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतो, परंतु लेबलाजवळ, जिथे खोबणीची त्रिज्या सहा सेंटिमीटरच्या आसपास असते, तिथे त्याने वेग सुमारे 0.8 टक्के चढतो आणि तितकाच उतरतो, तोही दर 1.8 सेकंदांनी. दोन लगतच्या सुरांत सुमारे सहा टक्क्यांचे अंतर असते, हे लक्षात घेतले म्हणजे पियानोसारख्या वाद्यात, जिथे स्वर एकदा लागला की वादकालाही हलवता येत नाही, हा हेलकावा किती खटकतो ते कळेल. विक्रेत्याला फोटो आणि मोजमाप पाठवले. 'तबकडी वाजते आहे ना, मग सदोष कशी?' असे उत्तर आले, आणि परत पाठवायची तर वाहतुकीचा खर्च माझा. शेवटी रीमरने (भोक रुंद करायच्या हत्याराने) भोक अगदी किंचित मोठे केले. आता दर वेळी तबकडी ठेवल्यावर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलके टोले मारत, टोनआर्म डुलायचा थांबेपर्यंत ती मध्यावर आणतो. साडेचार हजार मोजलेल्या गिऱ्हाईकाने हे करावे अशी अपेक्षा धरता येणार नाही. परदेशातल्या गिऱ्हाईकाला अशी तबकडी चार दिवसांत बदलून मिळू शकते. आपल्याकडे आयात केलेल्या तबकडीला तो हक्क व्यवहारात जवळजवळ नाही, आणि किमतीचा विचार करताना हा धोकाही जमेस धरावा लागतो.

मिनिटाला नेहमीच्या 33⅓ ऐवजी 45 फेरे घेणाऱ्या, एकच अल्बम दोन तबकड्यांवर देणाऱ्या दुहेरी तबकड्यांविषयी थोडक्यात. त्यांचा फायदा खरा आहे. 33⅓ च्या तबकडीवर बाहेरच्या कडेला खोबण सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर सरकते, लेबलाजवळ जेमतेम 21. त्यामुळे बाजूच्या शेवटी ट्रम्पेट चिरकते. 45 वर तेच आकडे 69 आणि 28 होतात. परंतु दर दहा-बारा मिनिटांनी उठून बाजू उलटावी लागते. ज्यांचे गुडघे चांगले आहेत त्यांनी जरूर घ्याव्यात.

मूळ छपाईची तबकडी मिळाली तर नवी कशाला, असे चोर बाजारात मटण स्ट्रीटवर हिंडणारे माझे काही मित्र म्हणतात. तिथे अजून एखादे रत्न सापडते हे खरे. पण जुने ते नेहमीच अचूक असते असे नाही. माइल्स डेव्हिस यांच्या 'काइंड ऑफ ब्लू'चे पहिले सत्र 2 मार्च 1959 रोजी झाले, तेव्हा मुख्य टेप यंत्र किंचित हळू चालत होते. नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर त्या सत्रातल्या तिन्ही रचना, म्हणजे तबकडीची अख्खी पहिली बाजू, थोड्या चढ्या सुरात येऊ लागल्या. शेजारच्या दुसऱ्या यंत्रावरची राखीव टेप बरोबर होती, परंतु ती वापरून दुरुस्त आवृत्ती निघायला 1992 साल उजाडले. हार्मोनियम पुढ्यात घेऊन 'सो व्हॉट'ची जुनी तबकडी लावा, पट्टीला पट्टी बसणार नाही. या एका बाबतीत काळजीपूर्वक काढलेली नवी आवृत्ती मूळ छपाईपेक्षा निर्विवादपणे श्रेष्ठ आहे.

आपल्या शहराचा म्हणून एक वेगळा हिशेबही आहे. अमेरिकेतून कोणा नातलगाने आणलेले, तिथल्या 60 हर्ट्झच्या विजेवर चालणारे जुने यंत्र आपल्या 50 हर्ट्झवर लावले, तर पुष्कळदा 33⅓ ची तबकडी मिनिटाला 28 फेरेही घेत नाही, आणि रॉलिन्स यांचा सॅक्सोफोन झोपेतून उठल्यासारखा वाजतो. सुटकेसच्या आकाराच्या, तीन-चार हजारांच्या प्लेअरवर टोन पोएट लावणे म्हणजे पैसे वाया घालवणेच आहे. त्यातली सुई जड बसते आणि खोबणीतले जे बारकावे विकत घेतले तेच खरवडून काढते. शिवाय पावसाळा. पीव्हीसीला ओल लागत नाही, पण आतले कागदी पाकीट ओल धरते, त्यावर बुरशी येते आणि तिचे ठिपके खोबणीत उतरतात. मी जूनच्या आधी सगळ्या तबकड्या प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या पाकिटांत घालतो आणि बुरशी दिसलीच तर डिस्टिल्ड वॉटरने धुतो. ज्याच्यापाशी बरे यंत्र, बरी सुई आणि कोरडे कपाट नाही, त्याने आधी पैसे तिकडे घालावेत.

लेखकांनी मोबाइलचा दाखला दिला आहे, त्याला माझा विरोध नाही. नवे संगीत शोधायला मीही मोबाइलच वापरतो, आणि एखादी तबकडी पाच-सहा वेळा तिथे ऐकून पुन्हा ऐकावीशी वाटली तरच विकत घेतो. वर्षाला चार घेतो, कधी पाच. मात्र 'फुकट मिळते' हा मुद्दा या ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत थोडा उथळ आहे. 2008 साली हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत कितीतरी मूळ टेपा जळाल्या. ज्या उरल्या आहेत त्याही दर वर्षी जुन्या होत आहेत, आणि त्या यंत्रावर चढवून नीट कापू शकणारी माणसे जगात मोजकी आहेत. त्यांची मजुरी या तबकड्यांच्या किमतीतून निघते. कारागिराच्या हाताचे दाम द्यायला मला जड जात नाही. आयुष्यभर मी तेच घेतले आहे.

सनी रॉलिन्स साठच्या दशकाच्या अखेरीस पवईच्या आश्रमात काही महिने राहिले होते, हे आजच्या पवईकरांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्यांच्या 1956 च्या 'सॅक्सोफोन कोलोसस'च्या निदान तीन निरनिराळ्या आवृत्त्या मी मुंबईतल्या दुकानांत पाहिल्या आहेत, नऊशे रुपयांपासून सहा हजारांपर्यंत, आणि तिन्हींवर 180 ग्रॅमचे लेबल होते. त्यांपैकी एकीवरच कापणाऱ्याचे नाव आणि टेपचा उल्लेख होता. आपल्या पुरवणीत यापुढे तबकड्यांचे परीक्षण छापताना किमतीशेजारी ही दोन कलमेही छापावीत, आणि ती माहिती वेष्टनावर नसेल तर 'दिलेली नाही' असे स्पष्ट नमूद करावे, एवढी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार
परळ, मुंबई